मुलीने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, पण भारतीय पासपोर्टची मुदत अजून शिल्लक आहे. बडोद्याला येताना कोणता पासपोर्ट दाखवावा?

रावपुरेकर यांचा प्रश्न

नमस्कार. मी बडोद्याला रावपुऱ्यात राहते आणि शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन मला सहा वर्षे झाली. माझी मुलगी चौदा वर्षांपासून अमेरिकेत न्यू जर्सीला आहे. गेल्या आषाढात तिने तिथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली आणि पुढच्या महिनाभरात तिचा अमेरिकी पासपोर्टही हाती आला. जावई अजून भारतीय नागरिकच आहेत. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे. नातू साडेपाच वर्षांचा असून त्याचा जन्म तिथलाच, त्यामुळे तो जन्मापासून अमेरिकी नागरिक आहे आणि तो सहा महिन्यांचा असतानाच त्याचे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड काढलेले आहे.

येत्या फाल्गुनात माझ्या मुलाच्या मुलाची मुंज आहे आणि मुलीचे सगळे कुटुंब त्यासाठी येणार आहे. येताना तीन दिवस लंडनला थांबून माझ्या बहिणीला भेटण्याचा त्यांचा विचार आहे. तिकिटे अजून काढलेली नाहीत.

माझी शंका अशी आहे. मुलीचा भारतीय पासपोर्ट २०३१ पर्यंत मुदतीत आहे. आमच्या नात्यातल्या दोघा-तिघांनी तिला सांगितले, की अमेरिका दुहेरी नागरिकत्व मान्य करते, तेव्हा अहमदाबादला उतरताना भारतीय पासपोर्ट दाखवावा आणि परत गेल्यावर अमेरिकी. ओसीआयच्या खटपटीत आत्ताच पडू नये, सगळे असेच करतात. मुलीला हे पटत नाही, पण मुंजीला तीनच महिने उरले असल्यामुळे ती गोंधळली आहे. शिवाय नातवाचा पहिला पासपोर्ट पाच वर्षांनी संपल्यामुळे नवीन काढावा लागला आणि ओसीआय कार्डावर मात्र जुन्या पासपोर्टचा क्रमांक आहे; त्याचे काय करायचे, हेही कळत नाही.

मनातली आणखी एक गोष्ट सांगते. तिचा पहिला पासपोर्ट काढायला मी तिच्याबरोबर अहमदाबादला गेले होते. आत्ताच्या पासपोर्टच्याही शेवटच्या पानावर तिच्या वडिलांचे नाव, माझे नाव आणि रावपुऱ्याचा पत्ता छापलेला आहे. तो परत करायचा म्हटल्यावर तिला फोनवर रडू आले. जे योग्य असेल तेच तिने करावे अशी माझी इच्छा आहे. फक्त योग्य काय आहे, ते नीट समजून घ्यायचे आहे.

सुरसागर यांचे उत्तर

रावपुरेकर ताई, मी बावीस वर्षे दांडिया बाजारात बसून लोकांचे पासपोर्ट आणि व्हिसाचे अर्ज भरून देतो आहे. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन दर हिवाळ्यात निदान दहा-बारा कुटुंबे माझ्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी हे मनात पक्के धरा, की तुमच्या मुलीचे भारतीय नागरिकत्व पासपोर्ट परत केल्यावर संपणार नसून ते शपथेच्या दिवशीच संपले आहे. आपल्या संविधानाचे कलम ९ आणि नागरिकत्व अधिनियम, १९५५ याचेही कलम ९ एकच गोष्ट सांगतात: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेणारी व्यक्ती भारताची नागरिक राहत नाही. त्यासाठी कोणी आदेश काढावा लागत नाही, नोटीस यावी लागत नाही. पासपोर्टवर छापलेली २०३१ ही मुदत त्या पुस्तिकेची आहे. रेल्वेची नोकरी सोडलेल्या माणसाच्या खिशात वर्षाअखेरपर्यंतचा पास राहिला, तरी त्या पासावर त्याने प्रवास करायचा नसतो, तसेच हे आहे.

अमेरिका दुहेरी नागरिकत्व मान्य करते, हे तुमच्या नातेवाइकांचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे. दोन नागरिकत्वे एकाच वेळी बाळगायची तर दोन्ही देशांचे कायदे राजी असावे लागतात. कॅनडा १९७७ पासून, ऑस्ट्रेलिया २००२ पासून आणि जर्मनी अगदी अलीकडे, २७ जून २०२४ पासून, आपल्या नागरिकाला दुसरे नागरिकत्व ठेवू देतात. ब्रिटनमध्ये तर ही मुभा फार जुनी आहे. भारतात ती नाही. ओसीआय योजना २००५-०६ मध्ये आली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला ‘दुहेरी नागरिकत्व’ असे नाव दिले आणि तो गैरसमज अजून घरोघर टिकून आहे. ओसीआय हा आयुष्यभराचा, कितीही वेळा ये-जा करू देणारा व्हिसा आहे आणि त्याबरोबर काही सवलती मिळतात. त्याने मतदानाचा हक्क मिळत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि भारतीय पासपोर्टही मिळत नाही.

आता नातेवाइकांचा सल्ला विमानतळावर नेमका कुठे अडकतो, ते पाहा, म्हणजे मुलीलाही नीट समजावून सांगता येईल. शपथविधीच्या वेळी तिचे ग्रीन कार्ड जमा करून घेतले गेले असणार. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे तिथल्या नागरिकाने देशाबाहेर जाताना आणि परत येताना अमेरिकी पासपोर्टच वापरायचा असतो. समजा, ती अहमदाबादला भारतीय पासपोर्ट दाखवून आत आली. परतीच्या दिवशी विमान कंपनीच्या काउंटरवर तिला अमेरिकी पासपोर्ट दाखवावाच लागेल, नाहीतर बोर्डिंग पास मिळणार नाही. तिथून पुढे इमिग्रेशनवर भारतीय पासपोर्ट दिला, की अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, “अमेरिकेचा व्हिसा कुठे आहे?” व्हिसा नाही, ग्रीन कार्ड नाही, आणि विमान तर न्यूअर्कचे. अमेरिकी पासपोर्ट बाहेर काढला तर त्यावर भारतात आल्याचा शिक्का नाही, ओसीआय नाही, व्हिसाही नाही. साडेपाच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन मध्यरात्री त्या काचेसमोर उभे राहण्याची वेळ आपल्या मुलीवर येऊ देऊ नका.

भारतीय पासपोर्टच्या नूतनीकरणाचा अर्ज तर ती कधीच करू शकत नाही. भारताची नागरिक नसताना ती गोष्ट लपवून पासपोर्टसाठी अर्ज करणे हा पासपोर्ट अधिनियम, १९६७ प्रमाणे गुन्हा असून त्याला एक ते पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. मुलीने आत्ताच भारतीय वकिलातीकडे नागरिकत्व सोडल्याचा अर्ज करावा आणि त्यासोबत भारतीय पासपोर्ट व शपथेनंतर मिळालेले नागरिकत्वाचे प्रमाणपत्र जोडावे. त्यावर वकिलात एक प्रमाणपत्र देते, ज्याला लोक अजूनही सवयीने सरेंडर सर्टिफिकेट म्हणतात. ते आयुष्यभर सांभाळून ठेवायचा कागद आहे, कारण पुढे ओसीआय असो वा व्हिसा, पहिली मागणी त्याचीच होते. ते आले, की लगेच ओसीआयचा अर्ज करावा. फाल्गुनापर्यंत कार्ड हाती पडले तर उत्तमच; नाही पडले तर अमेरिकी पासपोर्टवर पर्यटकाचा ई-व्हिसा घेऊन यावे. अहमदाबाद विमानतळावर ई-व्हिसा चालतो. कार्ड हाती आले नाही म्हणून मुंज चुकण्याचे काहीच कारण नाही.

एक गोष्ट अर्ज भरण्याआधीच तपासा. भारतीय पासपोर्टवर तिचे माहेरचे आडनाव आणि अमेरिकी पासपोर्टवर सासरचे, असे झाले आहे का? आपल्या मराठी घरांमध्ये हे हमखास होते. त्यातून मधले नाव कुठे वडिलांचे लागलेले असते, कुठे नवऱ्याचे, आणि कुठे ते नावातच जोडून छापलेले असते. माझ्याकडे येणाऱ्या अर्जांतली निम्मी अडचण तरी एवढ्यावरूनच उभी राहते. ओसीआयच्या अर्जात आणि तिकिटावर अमेरिकी पासपोर्टवरचेच नाव, अक्षरासकट जसेच्या तसे, असले पाहिजे. दोन नावांना जोडणारा दुवा म्हणून विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र जोडावे. तुमच्याकडे बडोदे महानगरपालिकेचा जुना दाखला असेल, तर तो आजच शोधून ठेवा.

नातवाचा प्रश्न सोपा आहे. वीस वर्षांच्या वयापर्यंत मुलाचा पासपोर्ट जितक्या वेळा बदलेल, तितक्या वेळा नवीन ओसीआय कार्ड काढावे लागत नाही. हा नियम २०२१ मध्ये सुलभ झाला. नवीन पासपोर्टची प्रत आणि नवीन फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा असतो; पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांत हे करावे, आणि त्याला शुल्क नाही. वीस वर्षे पूर्ण झाल्यावर जो पासपोर्ट निघेल, त्या वेळी मात्र कार्ड एकदा नव्याने करून घ्यावे लागते. जुना पासपोर्ट सोबत बाळगण्याची सक्तीही २०२१ मध्येच काढून टाकण्यात आली. तरी मी सर्वांना सांगतो, की तो बरोबर असू द्या. काउंटरवरचा मुलगा कार्डावरचा क्रमांक आणि हातातला पासपोर्ट जुळवून पाहतो, आणि तिथे वाद घालण्यापेक्षा जुनी पुस्तिका पुढे करणे सोपे जाते.

वाडीकर यांचे उत्तर

सुरसागर यांनी सर्व मुद्दे नेमके मांडले आहेत. ‘सगळे असेच करतात’ या वाक्याबद्दल मला लिहायचे आहे, कारण आमच्या घरी तेच वाक्य महाग पडले आहे.

माझ्या धाकट्या दिरांनी परदेशी नागरिकत्व घेतल्यानंतर भारतीय पासपोर्टवर दोनदा बडोद्याला येऊन जाणे केले. दोन्ही वेळा त्यांना कोणी अडवले नाही. परतताना ते दुसऱ्या एका देशात उतरून पुढचे विमान घेत असत, त्यामुळे सुरसागर म्हणतात तो व्हिसाचा प्रश्न अहमदाबादला आलाच नाही. त्यांचे पाहून नात्यातल्या आणखी एका कुटुंबाने तेच केले. पुढे चार वर्षांनी सासऱ्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दिरांना वरचेवर यावे लागणार म्हणून त्यांनी ओसीआयसाठी कागद तयार केले. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर शपथेची तारीख असते आणि भारतीय पासपोर्टच्या पानांवर अहमदाबादचे येण्या-जाण्याचे शिक्के असतात. दोन्ही कागद एकाच अर्जाला जोडायचे होते. शिक्के शपथेनंतरचे आहेत, हे सांगायला कोणत्याही चौकशीची गरज नव्हती.

त्यांना दंड भरावा लागला आणि लेखी खुलासा द्यावा लागला. पैशाचे एवढे नाही. पण त्यात जे आठवडे गेले, त्या आठवड्यांत सासरे दवाखान्यात होते आणि माझे यजमान एकटे धावपळ करत होते. दीर मनाने अतिशय सरळ गृहस्थ आहेत. आपण कायदा मोडतो आहोत असे त्यांना वाटलेच नव्हते. आपल्याच गावी, आपल्याच घरी जातो आहोत, एवढेच त्यांच्या मनात होते. ताई, तुमच्या मुलीला हे पटत नाही असे तुम्ही लिहिले आहे. तिचे मन बरोबर सांगते आहे.

शेतजमिनीचा उल्लेख वर आला आहे, म्हणून एक जोडते. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाहक्काने ती मिळू शकते. सासऱ्यांच्या सातबाऱ्यावरून आमच्याकडे हा प्रश्न निघाला होता, म्हणून ठाऊक आहे.

कमाटीबाग यांचे उत्तर

खरोखरच दोन देशांचे नागरिकत्व असणाऱ्या माणसाने दोन पासपोर्ट कसे वापरायचे, हे आमच्या घरी दरवर्षी घडते. तुमच्या मुलीच्या बाबतीत एकच पासपोर्ट उरणार आहे. तरी पुढे नातवाला किंवा आणखी कोणाला उपयोग होईल म्हणून लिहितो.

आमची सूनबाई लेस्टरला जन्मलेली, ब्रिटिश नागरिक. लग्नानंतर टोरांटोला स्थायिक होऊन तिने कॅनडाचेही नागरिकत्व घेतले. दोन्ही देशांना हे मान्य असल्यामुळे तिच्याकडे दोन्ही पासपोर्ट रीतसर आहेत. तिचे आजोबा बडोद्याचे, त्या नात्याने तिला ओसीआय मिळाले आहे आणि ते ब्रिटिश पासपोर्टवर काढलेले आहे. म्हणून भारतासाठी ती तोच पासपोर्ट वापरते.

सुरुवातीला मलाही वाटे, की दोन पासपोर्ट म्हणजे जो मनाला येईल तो दाखवावा. प्रत्यक्षात प्रत्येक काउंटरचा प्रश्न वेगळा असतो. विमान कंपनीला एवढेच पाहायचे असते, की हा प्रवासी जिथे उतरणार आहे तिथे त्याला आत घेतील का. कारण नाही घेतले, तर परत आणण्याचा खर्च आणि दंड कंपनीवर येतो. इमिग्रेशन अधिकाऱ्याला मात्र हे पाहायचे असते, की हा माणूस आपल्या देशात कोणत्या हक्काने आला आणि आता कसा जातो आहे. त्यामुळे टोरांटोला ती विमान कंपनीला ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय दाखवते. कॅनडातून बाहेर पडताना आपल्याकडच्यासारखी इमिग्रेशनची शिक्का मारणारी खिडकी नाही, त्यामुळे तिथे दुसरा प्रश्न येत नाही. अहमदाबादला उतरल्यावर ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय. परतीला अहमदाबादच्या काउंटरवर विमान कंपनीला कॅनडाचा पासपोर्ट, कारण उतरायचे टोरांटोला आहे. पण तिथून चाळीस पावलांवरच्या इमिग्रेशनला पुन्हा ब्रिटिश, कारण ती आत आली ती त्या पासपोर्टवर. ज्या पासपोर्टने आत आलो, त्यानेच बाहेर जायचे, ही गोष्ट आपल्याकडे कटाक्षाने पाळावी लागते.

इमिग्रेशन अधिकाऱ्याने तिला एकदा विचारले होते, की कॅनडाचा व्हिसा कुठे आहे. तिने कॅनडाचा पासपोर्ट दाखवला, त्यांनी पाहिला आणि शिक्का ब्रिटिश पासपोर्टवर मारून दिला. कोणीही विचारले तर दोन्ही पासपोर्ट असल्याचे सरळ सांगावे. ज्यांच्या देशांना ते मान्य आहे, त्यांनी लपवण्यासारखे त्यात काहीच नाही.

कॅनडाचा नियम विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. १० नोव्हेंबर २०१६ पासून, ज्यांच्याकडे कॅनडाबरोबर अमेरिका सोडून दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आहे, त्यांना कॅनडाला जाणाऱ्या विमानात बसण्यासाठी मुदतीतला कॅनडाचा पासपोर्ट लागतो. ब्रिटननेही २०२६ च्या फेब्रुवारीपासून तसेच कडक धोरण धरले आहे. त्यामुळे ब्रिटिश नागरिक असलेल्या माणसाने दुसऱ्या पासपोर्टवर ब्रिटनचा इलेक्ट्रॉनिक परवाना काढून जाऊ म्हटले, तर ते जमत नाही. आपल्या नागरिकाला तो परवाना द्यायचाच नसतो. लंडनला उतरायचे असले, की सूनबाई ब्रिटिश पासपोर्टनेच उतरते.

तिकीट काढताना प्रवाशाच्या पासपोर्टचा क्रमांक आगाऊ भरून घेतात आणि तो त्या देशाकडे विमान पोहोचण्याआधीच पाठवला जातो. जायच्या आणि यायच्या प्रवासाला वेगवेगळे क्रमांक द्यायचे असतात. संकेतस्थळावर ती सोय नसेल, तर परतीच्या काउंटरवर तो बदलून घ्यावा लागतो. आम्ही यासाठी अर्धा तास आधी निघतो. एक्स्प्रेस हायवेने अहमदाबाद जवळ असले तरी तेवढा अवधी हाताशी ठेवावा.

आणखी एक अगदी घरगुती गोष्ट. हल्लीचा ब्रिटिश पासपोर्ट गडद निळा, कॅनडाचा गडद निळा, आपला निळा आणि अमेरिकेचाही निळाच. रात्री दोन वाजता पर्समधून हात घालून काढला, की भलताच हाती येतो. माझ्या पत्नीने सूनबाईला खणाची तीन कप्प्यांची पिशवी शिवून दिली आहे: एका कप्प्यात ओसीआय कार्डासह ब्रिटिश पासपोर्ट, दुसऱ्यात कॅनडाचा, तिसऱ्यात विवाहाचा दाखला. तीन वर्षे ती पिशवी चालली आहे आणि काठाचा रंगही अजून उतरलेला नाही.

मांडवीकर यांचे उत्तर

मुलांच्या बाबतीत आमच्याकडून झालेली चूक इथे लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कोणी ती करू नये.

माझ्या भाच्याची मुलगी कॅनडात जन्मली. आईवडील दोघेही भारतीय नागरिक. आपली मुलगी भारतीयच राहावी अशी त्यांची मनापासून इच्छा होती, म्हणून जन्मापासून वर्षाच्या आत वकिलातीत तिची जन्मनोंद केली आणि तिचा भारतीय पासपोर्ट काढला. नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ४ मध्ये ही सोय आहे. मात्र मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आईवडिलांना लिहून द्यावे लागते. त्यांच्याकडे तो नव्हताच, त्यामुळे त्यांनी खरे तेच लिहून दिले.

पण कॅनडाच्या कायद्याने ती मुलगी तिथे जन्मल्यामुळे तिथली नागरिक होतीच. मुलीला घेऊन ते बडोद्याला आले आणि परत जाण्याची वेळ आली, तेव्हा कळले, की भारतीय पासपोर्टवर जायला कॅनडाचा व्हिसा हवा आणि कॅनडा आपल्याच नागरिकाला व्हिसा देत नाही. कॅनडाचा पासपोर्ट काढावा तर भारतीय पासपोर्ट ठेवता येत नाही. भाच्याला नोकरीवर रुजू व्हायचे होते. तो एकटा पुढे गेला आणि सूनबाई तान्ह्या मुलीसह आमच्याकडे सात आठवडे राहिली. शेवटी कॅनडाचा पासपोर्ट काढला, भारतीय परत केला आणि पुढे ओसीआय घेतले.

ज्या देशात जन्माने नागरिकत्व मिळते तिथे मूल जन्मले असेल आणि तिथेच राहायचे असेल, तर आधी तिथला पासपोर्ट आणि मग ओसीआय, हाच मार्ग धरावा. तुमच्या नातवाचे तसेच झालेले आहे, त्यामुळे ताई, त्याच्या बाबतीत तुम्ही निर्धास्त असा.

रावपुरेकर यांचे उत्तर

तुम्हा सर्वांचे किती आभार मानू? काल रात्री मी हे सगळे मुलीला फोनवर वाचून दाखवले. ज्या दिवशी शपथ घेतली, त्याच दिवशी नागरिकत्व संपले, हे वाक्य ऐकून ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आई, म्हणजे आता परत करायचा आहे तो फक्त कागद.” आज तिने अर्ज भरायला घेतला आहे. तिच्या नावात सुरसागर म्हणतात तसाच घोळ निघाला: भारतीय पासपोर्टवर मधले नाव वडिलांचे आहे आणि अमेरिकी पासपोर्टवर ते नाहीच. विवाहाचा दाखला मला ट्रंकेत सापडला.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. लंडनच्या तीन दिवसांसाठी कोणाला काय लागेल? आणि जुना पासपोर्ट वकिलात कायमचा ठेवून घेते का?

सुरसागर यांचे उत्तर

लंडनला तिघांचे तीन प्रकार होत नाहीत, दोनच होतात. मुलगी आणि नातू अमेरिकी नागरिक असल्यामुळे दोघांनाही ब्रिटनचा इलेक्ट्रॉनिक परवाना आगाऊ घ्यावा लागेल. ८ जानेवारी २०२५ पासून अमेरिकी नागरिकांना तो लागू आहे आणि लहान मुलासाठीही तो वेगळा काढावा लागतो. जावई भारतीय नागरिक असल्यामुळे त्यांना तीन दिवस राहण्यासाठी ब्रिटनचा रीतसर व्हिसा काढावा लागेल, आणि त्यासाठी बोटांचे ठसे देण्याची वेळ घ्यावी लागेल. केवळ विमान बदलायचे असते, तर ग्रीन कार्डाच्या आधारावर त्यांना त्या व्हिसातून सूट मिळाली असती. जावयांच्या व्हिसाची तारीख हाती आल्याशिवाय लंडनच्या मुक्कामाची तिकिटे काढू नका.

पासपोर्टबद्दल: रद्द केल्याची खूण करून तो परत देतात. पाने फाडत नाहीत. त्यावरचे जुने व्हिसे आणि शिक्के पुढे कधी पुरावा म्हणून लागू शकतात, म्हणून तो टाकू नका.

याच निमित्ताने एक जुनी गोष्ट आठवली, तेवढी लिहितो. आपल्या पणजोबांच्या पिढीतले लोक बडोदे संस्थानातून विलायतेला जात, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ते ब्रिटिश नागरिक नव्हते आणि आजच्या अर्थाने भारतीय नागरिकही नव्हते. त्यांची गणना ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ अशी होत असे. घर मात्र त्यांचे इथेच होते. तुमच्या मुलीला हे सांगा.

रावपुरेकर यांचे उत्तर, सहा आठवड्यांनंतर

कोणी हा धागा पुढे वाचेल म्हणून झालेले कळवते. नागरिकत्व सोडल्याचे प्रमाणपत्र आले आणि ओसीआयचा अर्जही दाखल झाला. कार्ड मुंजीआधी येईल याची खात्री नाही, म्हणून मुलीने पर्यटकाचा ई-व्हिसा काढून ठेवला आहे. नातवाचा नवीन पासपोर्ट आणि फोटो संकेतस्थळावर चढवला आणि त्याची पोचही मिळाली.

जावयांना व्हिसाची वेळ फाल्गुनानंतरची मिळाली, त्यामुळे लंडनचा मुक्काम रद्द केला आणि आता माझी बहीणच मुंजीला बडोद्याला येणार आहे.

जुना पासपोर्ट मुलीकडे परत आला आहे. तिने मला शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. रद्द केल्याचा शिक्का पुढच्या पानांवर आहे. शेवटच्या पानावर तिच्या वडिलांचे नाव, माझे नाव आणि रावपुऱ्याचा पत्ता होता तसाच आहे. मुंजीला येताना ती तो माझ्याकडे ठेवायला घेऊन येते आहे.